बंदर ते पेठ: कोकणच्या खाड्यांकाठचे सायकलमार्ग

कोकणात सायकलने जायचं म्हटलं की बहुतेकांच्या मनात एकच वाट येते, रेवस ते रेडी. समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि दक्षिणेकडे जात राहायचं. दर हिवाळ्यात पुण्या-मुंबईचे सायकलस्वार या वाटेने गोव्याकडे निघतात. वाट सुंदर आहे यात शंका नाही. पण या प्रवासात खाडी भेटते ती फक्त ओलांडण्यापुरती. सड्यावरून धडाधड खाली उतरायचं, बोटीची वाट पाहायची किंवा पुलावरून पलीकडे जायचं, की पुन्हा चढ. धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशी नावं एकामागून एक येतात आणि प्रत्येकीशी ओळख होते ती जेमतेम अर्ध्या तासाची.

माझं म्हणणं असं, की कोकणातला सायकलप्रवास खरा रंगतो तो खाडीच्या मुखाशी पूर्वेकडे वळल्यावर. कोकणचा इतिहास आणि व्यापार किनाऱ्याला समांतर फारसा चाललाच नाही. तो किनाऱ्याला काटकोनात, खाडीतून आत-बाहेर चालला. समुद्रातून आलेलं गलबत भरतीचं पाणी जिथवर नेईल तिथवर आत जाई. पाणी संपलं की माल बैलांच्या पाठीवर चढे आणि घाटवाटेला लागे. म्हणून प्रत्येक मोठ्या खाडीला दोन टोकांना दोन तऱ्हेची गावं आहेत. मुखाशी किल्ला आणि बंदर, आत भरतीच्या शेवटच्या टप्प्यावर पेठ. कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लई आणि रेवदंडा, आत रोहा. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, आत दासगाव आणि महाड. वाशिष्ठीवर दाभोळ आणि गोवळकोट-चिपळूण, शास्त्रीवर जयगड आणि संगमेश्वर, वाघोटनवर विजयदुर्ग आणि खारेपाटण. ही दोन टोकं जोडणारी वाट म्हणजे त्या मुलखाचा कणा, आणि तो कणा सायकलच्या वेगानेच नीट पाहता येतो.

सायकलवाल्याच्या पथ्यावर पडणारी आणखी एक गोष्ट अशी, की कोकण रेल्वे आणि मुंबई-गोवा महामार्ग या नद्या साधारण त्याच पट्ट्यात ओलांडतात जिथे त्या अरुंद होतात, म्हणजे जुन्या पेठांच्या आसपास. रोहा, वीर, चिपळूण, संगमेश्वर ही स्थानकं त्यामुळे खाड्यांच्या आतल्या टोकांशी आपोआप जुळलेली आहेत. रात्रीच्या गाडीने सायकल घेऊन उतरावं, नदीबरोबर मुखापर्यंत जावं, बोटीने पलीकडे होऊन दुसऱ्या काठाने परत यावं आणि गाडी पकडावी. दोन-तीन दिवसांची सुट्टी असलेल्या माणसाला यापेक्षा नेटकी आखणी सापडणार नाही. मुंबई-गोवा एका दमात करण्याची जिद्द मला समजते. पण त्यात संध्याकाळी मुक्काम गाठायच्या घाईत खाडीकडे मान वळवायलाही फुरसत मिळत नाही.

या आखणीला वाराही साथ देतो. उन्हाळा-हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो. खाडीचं खोरं पूर्व-पश्चिम असल्यामुळे हा वारा त्यातून नळीसारखा खेळतो. पहाटे पेठेकडून मुखाकडे निघालात तर तो पाठीशी असतो, आणि दुपार कलल्यावर मुखाकडून आत वळलात तरी पाठीशीच. किनाऱ्याच्या रस्त्यावर हाच खारा वारा दुपारभर कुशीत बसतो. सामान लादलेली सायकल असेल तर हा फरक पोटऱ्यांना बरोबर कळतो.

दुसरं वेळापत्रक भरतीचं. त्यासाठी मोबाइलवर सोयी आहेतच, पण किनाऱ्यावरचा जुना हिशोब कागदाशिवाय होतो. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, येतील ते भरतीचे तास. अष्टमीला साधारण सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. हा ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जसजसं आत जावं तसतशी भरती उशिरा पोचते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी काठाच्या रस्त्याला भिडतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती मवाळ. हिशोब कशाला करायचा? कारण भरतीची आणि ओहोटीची खाडी एक नसते. भरतीला रुंद, चकचकीत, तिवरांच्या फांद्यांपर्यंत भरलेली. ओहोटीला मधोमध पाण्याची रेघ आणि दोन्ही बाजूंना काळा-करडा चिखल. त्या चिखलावर बगळे, तुतवार, कुरव. बायका पाट्या घेऊन कालवं आणि तिसऱ्या काढायला उतरलेल्या. मला विचाराल तर पक्षी आणि माणसं पाहायला ओहोटी, आणि नुसतं पाणी पाहायला भरती. दिवसभर खाडीकाठी राहिलात तर दोन्ही मिळतात, कारण साधारण सव्वासहा तासांनी पाणी फिरतंच.

नवख्या माणसाने सुरुवात कुंडलिकेपासून करावी. रोह्याहून चणेरा मार्गे साळावला जाणारा दक्षिण काठाचा रस्ता तीस-पस्तीस किलोमीटरांचा. चढ आहेत, पण छाती दडपणारे नाहीत. डावीकडे फणसाड अभयारण्याच्या बाजूचे डोंगर, उजवीकडे शेतं आणि अधूनमधून दिसणारी खाडी. ती सतत सोबत नसते. वळणाआड जाते आणि दर वेळी आधीपेक्षा रुंद होऊन समोर येते. साळावला एकदम मोठा कारखाना आणि त्याचा धक्का. तो ओलांडून कोर्लईला पोचलात की डोंगरावर पोर्तुगीज किल्ला आणि पायथ्याच्या वस्तीत मराठी-पोर्तुगीजच्या मिश्रणातून तयार झालेली, फक्त या गावात बोलली जाणारी बोली. पुलापलीकडे रेवदंडा आणि चौल. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानात उतरला तो या चौलच्या बंदरात, आणि परत निघाला तो दाभोळहून. कोकणच्या दोन खाड्यांची मुखं अशी त्याच्या प्रवासाची दोन टोकं झाली.

कुंडलिकेबद्दल एक गोष्ट रोह्यात पुलावर उभं राहून ध्यानात घ्यावी. उन्हाळ्यातही तिला पाणी दिसतं ते मुळशीचं. पूर्वेला वाहणारी मुळा मुळशीला अडवून ते पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून भिऱ्याच्या वीजघरात सोडलं गेलं १९२७ पासून. वाशिष्ठीची कथाही तीच, तिथे कोयनेचं पाणी पोफळीहून खाली येतं. देशावरच्या दोन नद्यांचं पाणी कोकणच्या दोन खाड्यांना येऊन मिळतं. ते मिळावं म्हणून मुळशी आणि कोयनेच्या खोऱ्यांतली गावं उठली, हे काठावरून जाताना मला विसरता येत नाही.

धरमतरची खाडी मुंबईकरांना सगळ्यांत जवळची. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते, तिच्यात सायकल चढवता येते. रेवसलाही लाँच जाते. १७ जुलै १९४७ ला सहाशेहून अधिक माणसांना घेऊन बुडालेली रामदास बोट याच रेवसकडे निघाली होती. पण या खाडीला समांतर जाणारा वडखळ-अलिबाग रस्ता सायकलसाठी मी कुणालाही सुचवणार नाही. अवजड गाड्या, सुट्टीची गर्दी, धूळ. खाडीचं खरं रूप मुख्य रस्ता सोडून आत, खारेपाटातल्या गावांत आहे. समुद्राला बांध घालून मिळवलेली ही जमीन. खारबंदिस्तीत ठिकठिकाणी उघाडी असते. बांधातल्या त्या दाराला लाकडी झडप. भरतीचं पाणी बाहेरून रेटा देतं तशी झडप आपोआप घट्ट मिटते. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरलं की आतल्या गोड्या पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि पावसाचं साठलेलं पाणी निघून जातं. ना यंत्र, ना राखणदार. बांध फुटला मात्र की शेत गेलं; खारं पाणी एकदा आत शिरलं की ती जमीन पुन्हा भाताला यायला वर्षं लागतात. खारेपाटातल्या तळ्यांतला जिताडा खवय्यांना ठाऊक आहे. त्याच मातीतला चरीचा संप तेवढा ठाऊक नसतो. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली इथल्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांची जमीन कसायला नकार दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. बांधावरून सायकल हातात धरून चालताना दोन्ही बाजूंना दिसतात ती हीच शेतं. सहा वर्षं ती पडीक ठेवताना घरात काय शिजलं असेल, हा प्रश्न त्या बांधावर उभं राहिल्याशिवाय पडत नाही.

राजपुरीची खाडी लोक जंजिऱ्याशी संपवतात. आगरदांड्याहून बोटीने दिघीला जाणारे सायकलस्वारही आत वळत नाहीत. वळले तर मांदाडजवळ कुड्याची लेणी आहेत. सव्वीस बौद्ध लेण्यांचा तो समूह थेट खाडीवर उघडतो. प्राचीन ग्रीक प्रवासवृत्तांतातलं मंदगोर बंदर ते इथलंच, असं काही अभ्यासक मानतात. लेण्यांच्या ओसरीतून खालचं पाणी पाहिलं की एवढी लेणी या आडजागी का, याचं उत्तर मिळतं. त्या काळी ही आडजागा नव्हती, धोपटमार्ग होता.

पण एकच खाडी करायची असेल तर सावित्रीची करावी. महाबळेश्वरला उगम, पोलादपूरहून महाड, आणि तिथून बाणकोटपर्यंत भरतीचं पाणी. वीर स्थानकावर उतरलात तर दासगाव जवळच. आज महामार्गावरून गाड्या त्याच्याकडे न पाहता जातात. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेला डॉ. आंबेडकर आणि दोनशेच्या आसपास प्रतिनिधी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, हरिहरेश्वरमार्गे या खाडीत शिरले आणि दासगावच्या बंदरात उतरून महाडपर्यंत चालत गेले. त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं होतं. चळवळीच्या इतिहासात तळं आहे, सभा आहे, मनुस्मृतीचं दहन आहे. पण तिथवरची वाट पाण्याची होती, हे वाचताना निसटून जातं. दासगावहून महाडपर्यंतचं अंतर सायकलने अर्ध्या तासाचं. ते सावकाश करावं. वाटेत गांधारपाल्याची लेणी लागतात.

महाडनंतर राजेवाडीहून म्हाप्रळकडे वळायचं. हा रस्ता पुढे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याला, म्हणजे बाबासाहेबांच्या मूळ गावाला जातो. सवड असेल तर म्हाप्रळहून तेवढी वाकडी वाट करावी, चढ मात्र कडक आहे. उत्तर काठाने जायचं तर टोळफाट्याहून आंबेत. आंबेत हे माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांचं गाव, आणि आंबेत-म्हाप्रळ पूल ही त्यांच्या काळातली देणगी. हा पूल दुरुस्तीसाठी बंद पडला तेव्हा दोन्ही काठांच्या लोकांना फेरीबोटीनेच तारलं. पूल झाला म्हणजे बोटीचं काम संपलं असं मानणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

म्हाप्रळ ते बाणकोट हा दक्षिण काठाचा रस्ता माझ्या मते कोकणातला सगळ्यांत चांगला खाडीमार्ग. रहदारी तुरळक. एका बाजूला डोंगराची उतरण, काजू-आंब्याच्या बागा, दुसऱ्या बाजूला खाडी, कधी चाकाखालीच तर कधी माडांच्या फटीतून. शिपोळे, वेसवी अशी छोटी बंदरं. काठावर मुसलमान मच्छीमारांच्या आणि जहाजावर नोकरी केलेल्यांच्या वस्त्या, कौलारू घरांशेजारी आखातातल्या पैशाने उभे राहिलेले बंगले. रस्ता मात्र काही ठिकाणी बेताचाच, आणि चहाची टपरी दिसली की थांबावं, कारण पुढची कधी येईल सांगता येत नाही. वाळूचा उपसा हे या काठाचं जुनं दुखणं. वाळूचे डंपर जातात त्या पट्ट्यात रस्त्याची कड सांभाळून चालवावं.

बाणकोटला किल्ला. १७५५-५६ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला आणि फोर्ट व्हिक्टोरिया झाला, पेशवाईतला कोकणातला त्यांचा सुरुवातीचा पाय. १८५३ मध्ये आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी आणि तान्ही मुलगी या खाडीच्या तोंडाशी होडी बुडून गेली. महाबळेश्वरचं आर्थर सीट त्याच मॅलेटच्या नावाचं, आणि त्या कड्याखाली सावित्रीचं खोरं आहे. नदीच्या दोन टोकांना एका माणसाचं दुःख आहे हे कळल्यावर बाणकोटच्या बुरुजावरून पूर्वेकडे नजर जातेच. किल्ल्यापलीकडे वेळास, नाना फडणवीसांचं गाव. फेब्रुवारीपासून पुढे इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन उभं केलेलं हे काम. घरगुती जेवण आणि राहण्याची सोय गावात आहे. वेसवीहून बागमांडल्याला फेरीबोट आहे, ती तुम्हाला हरिहरेश्वरच्या बाजूला सोडते. शेजारी अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब बरीच वर्षं पाण्यात उभे राहिले आहेत.

वाशिष्ठीची तऱ्हा वेगळी. ती अधिक रुंद, अधिक वाकडीतिकडी, आणि काठाचा रस्ता सलग नाही. चिपळूणहून गोवळकोट, कालुस्ते, करंबवणे, मालदोली अशी खाडीकाठची गावं आहेत. पण एका गावातून पुढच्या गावात जाताना रस्ता वारंवार डोंगरावर चढतो आणि पुन्हा पाण्याकडे उतरतो. दिवसाच्या अंतराचा अंदाज नकाशावरून करू नये. मालदोली-गोवळकोट पट्ट्यात मगरी आहेत, ओहोटीला काठावर ऊन खात पडलेल्या. होडीतून त्या दाखवण्याचा व्यवसाय गावकऱ्यांनी नीट बसवला आहे. पाय धुवायला म्हणून पाण्यात उतरायचं नाही, एवढं पथ्य पाळावं. याच पाण्याबद्दल काठचे मच्छीमार वर्षानुवर्षं सांगत आले आहेत, की लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याने मासे मरतात. खाडीचं सौंदर्य पाहायला आलेल्याने हेही ऐकून घ्यायला हवं. मासळी गेली तर काठावरची वस्ती आणि होड्याही उठतील.

दाभोळला मात्र सगळा शीण उतरतो. बहमनी-आदिलशाही काळातलं हे मोठं बंदर, धक्क्याजवळची मशीद त्या वैभवाची साक्ष. समोर धोपावे. दोहोंमध्ये २००३ पासून फेरीबोट चालते, स्थानिक लोक तिला जंगलजेट्टी म्हणतात. बोट येते ती नाकासमोर सरळ. शेवटच्या क्षणी वेग मोडते, आणि पुढची लोखंडी फळी साखळदंडांवरून खाली येऊन काँक्रीटच्या उतारावर खरडत टेकते. आधी मोठ्या गाड्या, मग दुचाक्या. सायकलवाल्याला खलाशी हाताने कडेला यायची खूण करतो. उतार शेवाळलेला असतो, तिथे सायकलवरून उतरून चालावं. ओहोटीला उतार लांब आणि तीव्र, भरतीला आखूड. सायकल कठड्याला टेकवून वर गेलात तर पश्चिमेला उघडा समुद्र, दक्षिणेला अंजनवेलचा गोपाळगड आणि एन्‍रॉनच्या नावाने गाजलेला वीजप्रकल्प. नाव दाभोळचं पडलं, पण तो उभा आहे खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात. बोटीत शाळेची मुलं असतात, माशांच्या पाट्या असतात, लग्नाचं वऱ्हाड असतं. दहा-पंधरा मिनिटांत माणसं तुमच्या सायकलची किंमत, तुमचं गाव आणि तुम्ही हा खटाटोप का करता हे विचारून घेतात. पुलावरून असा परिचय होत नाही.

शास्त्रीच्या खाडीवर मुखाशी तवसाळ-जयगड बोट, आणि आत संगमेश्वर. कसब्यात कर्णेश्वराचं मंदिर पाहावं. १६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले गेले ते याच कसब्यात. तिथून फुणगूसपर्यंत नदीची सोबत छान आहे, पुढे रस्ते डोंगरात शिरतात. जयगडला बंदर आणि वीजप्रकल्पाची अवजड वाहतूक वाढली आहे. रत्नागिरीखालच्या भाट्ये आणि पूर्णगडच्या खाड्या देखण्या, पण पुलावरून पाहून पुढे जाण्याजोग्या.

राजापूर आणि वाघोटन या दोन खाड्या पाय तयार झालेल्यांसाठी. राजापूरला सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती. वाघोटनच्या आतल्या टोकाला खारेपाटण, शके ९३० चा शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट जिथे सापडला ते. मुखाशी विजयदुर्ग, आणि गिर्ये इथे खाडीच्या काठी मराठा आरमाराची जुनी गोदी. इथला जांभ्याचा सडा शंभर-दीडशे मीटर उंचीवर सपाट पसरलेला असतो आणि खाड्या त्यात खोल कापत गेलेल्या. काठावर उतरायचं म्हणजे ती सगळी उंची घालवायची, आणि परत येताना मिळवायची. सड्यावर सावली नाही, पाणी नाही. ब्रेक आणि खालचे गिअर धड नसतील तर हा मुलूख टाळावा.

सिंधुदुर्गात कर्ली आणि तेरेखोल या दोन खाड्या निवांत. देवबागच्या निमुळत्या वाळूपट्टीवर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली असते. तेरेखोल बांद्यापासून खाली आरोंद्याकडे येते आणि महाराष्ट्र-गोव्याची हद्द होते. तेरेखोलचा किल्ला मात्र नदीच्या अलीकडे असूनही गोव्यात. तिथून केरीला बोट.

बोटीला सार्वजनिक रस्त्याचा मान कसा द्यायचा, हे गोव्याने महाराष्ट्राला शिकवावं. तिथल्या फेरी सरकारच्या नदी परिवहन खात्याच्या. पायी आणि दुचाकीने जाणाऱ्यांना तिकीट नाही, ही तिथली आजवरची रीत. मांडवीच्या मुखाचा फेरा एका दिवसात होतो आणि लेकराबाळांसह करता येतो. पणजीहून रायबंदरकडे जाणारा बांध पोर्तुगीजांनी १६३०च्या दशकात घातला, सुमारे तीन किलोमीटरचा. एका हाताला मांडवी आणि दुसऱ्या हाताला खाजन, म्हणजे आपल्या खारजमिनीची गोव्यातली बहीण. उघाडीला तिथे मानस म्हणतात. रायबंदरहून बोटीने चोडणला गेलात तर सलीम अली पक्षी अभयारण्य, पावणेदोन चौरस किलोमीटरांच्या आसपासचं तिवरांचं बन. जुन्या गोव्याहून बोटीने दिवाडी बेटावर. बेट सपाट, मध्ये एकच टेकडी, तिच्यावर चर्च. बेटाच्या पलीकडच्या टोकाहून आणखी एक बोट नार्व्याला नेते. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवरचं. पोर्तुगीजांच्या काळात देव नदीपलीकडे नार्व्याला नेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. देव ज्या पाण्यावरून गेला त्याच पाण्यावरून आपण सायकल घेऊन जातो. इतिहासाची ही वाट पाठ्यपुस्तकात एका ओळीची आहे, इथे ती संथ पाण्यावरची काही मिनिटांची आहे.

ठाण्याच्या खाडीला या यादीत अर्धीच जागा. रोहित पक्ष्यांमुळे ती अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत गेली. नवी मुंबईच्या काठाने पहाटे सायकल चालवणारे पुष्कळ आहेत. पण काठ अनेक ठिकाणी भिंतींनी, कुंपणांनी अडवलेला आहे. खाडी दिसते, भेटत नाही.

आता पुलांचं. रेवस-रेडी सागरी महामार्गावर मोठ्या खाड्यांवर पूल उभारायचं काम राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतलं आहे. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, सगळ्यांवर. हे पूल व्हायला हवेत. रात्री अडलेल्या बाळंतिणीला, वादळात बोट बंद पडल्यावर परीक्षेला निघालेल्या मुलाला खाडी सुंदर आहे हे सांगण्यात अर्थ नाही. पण पुलाच्या आराखड्यात सायकल आणि पायी माणसासाठी कठड्याने वेगळी केलेली पट्टी आजच धरली नाही तर नंतर ती कधीच होत नाही. भरधाव गाड्यांच्या पुलावर, समुद्राच्या वाऱ्यात, सामानाची सायकल चालवणं म्हणजे जीव मुठीत धरणं.

आणि बोटी चालू राहायला हव्यात. फ्रान्समध्ये लुआर नदीकाठचा सायकलमार्ग नऊशे किलोमीटरांचा आहे आणि तो नदीच्या मुखाशी, सॅं-ब्रेव्हॅंला समुद्राला भिडतो. नांत शहरात पूल आहेत, तरी त्याच्या खालच्या अंगाला गाड्या आणि सायकली नेणाऱ्या बोटी आजही फुकट चालतात. इंग्लंडमध्ये एक्स नदीच्या मुखावर दोन्ही काठांनी सायकलवाट आहे आणि उन्हाळ्याच्या हंगामात स्टारक्रॉस-एक्समथ बोट तिचा फेरा पुरा करते. त्या वाटा आपल्या खाड्यांपेक्षा देखण्या आहेत असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे आहेत ते फाट्यावरचे बाण, पाण्याचे नळ, सायकल टेकवायच्या जागा आणि बोटीच्या वेळा लिहिलेले फलक. हा मोठ्या पैशाचा प्रश्न नाही. म्हाप्रळ ते बाणकोट या एका रस्त्यावर दर गावात असा एक फलक लागला, वेसवीच्या धक्क्यावर दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहिल्या गेल्या आणि वीर स्थानकावर सायकल उतरवायला मदत मिळाली, तरी येत्या हिवाळ्यात हा मार्ग चालू होईल.

तोवर जाणाऱ्याने कधी जावं, काय न्यावं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. पावसाळ्यात हिरवाई डोळ्यांत मावत नाही, पण मुखाशी समुद्र खवळला की बोटी थांबतात आणि शेवाळाने रस्ते निसरडे होतात. टायर जरा रुंद घ्यावेत, बारीक टायर जांभ्याच्या खडीवर टिकत नाहीत. खाऱ्या हवेने साखळी दोन दिवसांत तांबडी पडते. मुक्कामाच्या घरी बादलीभर गोडं पाणी मागून सायकल धुवावी, कोरडी करावी आणि साखळीला तेल द्यावं. पंक्चरचं सामान स्वतःजवळ हवंच, कारण दुरुस्तीचं दुकान पेठेत असतं, काठावर नसतं. शेवटच्या बोटीची वेळ आदल्या दिवशी धक्क्यावर विचारून घ्यावी.